मनाचे आजार आणि व्यसन : घराण्यात किती, परिस्थितीत किती?

गोदाकाठचा (गंगाखेड)

राम राम मंडळी. विषय नाजूक आहे, पण मांडतोच.

बहिणीची सोयरीक मोडली. पाहुण्यांना पोरगी पसंत होती, सुपारीची तारीख धरायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, "त्यांच्या घराण्यात वेड आहे आन् आजा दारूत गेला." यातलं काहीच खोटं नाही. थोरल्या काकांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होण्याचा मनाचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत, स्वतः कोळपं धरतात, सोमवारचा बाजार करतात. आजोबा दारूनंच गेले. खोटा आहे तो यातून काढलेला अर्थ, आणि त्यासाठीच हा धागा.

आपल्याकडं अशा घरांच्या बाबतीत दोनच तऱ्हा दिसतात. एक तर आजारी माणूस आतल्या खोलीत ठेवायचा आणि "आमच्यात तसलं काही नाही" म्हणायचं. नाही तर "रक्तातच आहे" म्हणून सगळं घर बाद करायचं. रक्तात काहीतरी उतरतं, हे मी मान्य करतो. पण किती, हे कुणी विचारत नाही.

मी वाचलं ते असं. कुठल्याही समाजात साधारण शंभरातल्या एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. आई किंवा वडील आजारी असतील तर लेकरांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. म्हणजे अशा शंभरातली नव्वद लेकरं या आजाराशिवाय आयुष्य काढतात. काका आजारी असेल तर पुतण्या-पुतणीला धोका आणखी कमी, शंभरात दोन ते चार. माझ्या बहिणीचा आकडा हा आहे. आणि अगदी एकसारख्या जुळ्यांमध्ये, ज्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात, तिथंसुद्धा एकाला आजार असला तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आत-बाहेर राहतं. सगळं रक्तातच असतं तर ते शंभर टक्के निघालं असतं.

दारूचंही असंच. १९७३ मध्ये डेन्मार्कमध्ये गुडविन आणि सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. जन्मदाता दारूडा, पण मूल लहानपणीच दुसऱ्या घरी गेलेलं, त्याला बापाची बाटली कधी दिसलीच नाही. तरीही अशा मुलग्यांमध्ये दारूचं व्यसन इतर दत्तक मुलग्यांच्या जवळपास चौपट निघालं. म्हणजे "बापाचं बघून शिकला" एवढ्यावर भागत नाही. पण त्या अभ्यासातही अशा मुलग्यांपैकी बहुतेकांना व्यसन लागलेलं नव्हतं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

माझा धाकटा भाऊ लातूरला बारावीला आहे. तंबाखू सुरू झालीय असं कळलंय, आणि मित्रांमध्ये गांजा फिरतो म्हणे. आमच्या घराण्यात काय आहे ते त्याला सांगावं का, कसं सांगावं, यावर जाणकारांनी लिहावं. आणि ज्यांच्या घरी हे सोसलंय त्यांनीही लिहावं.

सेलूकर

गोदाकाठचा भाऊ, चांगला धागा काढला. पण नेटवर तर स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक लिहिलेला सापडतो. मग तुम्ही शंभरात दहा कुठून आणलं? दोन्ही खरं कसं?

मांजरातीर (अंबाजोगाई)

मी मानसोपचार विभागात काम करतो. सेलूकरांचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण शिकलेले लोकही इथंच फसतात.

८० टक्के हा आकडा जुळ्यांच्या अभ्यासांतून आला आहे आणि तो एका माणसाच्या धोक्याबद्दल काहीच सांगत नाही. लोकालोकांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांतल्या फरकामुळे आहे, एवढंच तो सांगतो. एकाच वावरात, सारख्याच पाण्यावर सोयाबीनची दोन वाणं पेरली तर उंचीतला बहुतेक फरक वाणाचा निघेल. वावर अर्धं कोरडवाहू आणि अर्धं ओलिताचं असेल तर त्याच दोन वाणांत वाणाचा वाटा कमी आणि पाण्याचा जास्त निघेल. वाण तेच, टक्का बदलला. म्हणून "८० टक्के आनुवंशिक" याचा अर्थ "तुम्हाला होण्याची शक्यता ८० टक्के" असा कधीच होत नाही.

बाकीचे आकडेही सांगून ठेवतो. बायपोलर म्हणजे उन्माद आणि उदासीचा आजार, त्यात जनुकांचा वाटा ६० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान मोजला गेला आहे. नैराश्यात ३७ टक्क्यांच्या आसपास. दारूच्या व्यसनात सुमारे निम्मा.

आता "रक्त तपासून कळेल का" हे मला ओपीडीत दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. नाही कळत. २०२२ मध्ये हजारो रुग्णांच्या जनुकांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. त्यातल्या बहुतेक जागांचा एकेकटीचा परिणाम अगदी बारीक असतो, आणि त्यातल्या कितीतरी तुमच्यात, माझ्यात, सोयरीक मोडणाऱ्या पाहुण्यांतही असतात. निरोगी घराणं असं वेगळं काढून दाखवता येत नाही.

आणखी एक. या जागा आजारानुसार नीट वाटलेल्या नसतात. २००९ मध्ये स्वीडनमधल्या वीस लाख कुटुंबांच्या नोंदींतून दिसलं की स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरची आनुवंशिक मुळं बऱ्याच अंशी एकच आहेत. म्हणून एकाच घरात चुलत्याला एक आजार, आत्याला दुसरा, आणि पुतण्या ठणठणीत, असं दिसतं.

भावाला सांगावं का? सांगावं. "तुला होणार" असं सांगू नका. "तुझ्यासाठी गांजा इतरांपेक्षा महाग पडू शकतो" असं सांगा. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या सैन्यभरतीच्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हे वारंवार दिसलं आहे: लहान वयात आणि वरचेवर गांजा ओढणाऱ्यांत पुढे भ्रमाचा आजार जास्त निघतो. घराण्यात आजार असेल तर हा धोका अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

कोरडवाहू (जिंतूर)

डॉक्टरसाहेब, तुमचं जुळ्यांचं आणि स्वीडनचं वाचलं. आता आमचं ऐका. सलग पावसानं दगा दिला, सोयाबीनला भाव नाही, बँकेचं वेगळं, सावकाराचं वेगळं. माणूस रात्रभर जागा राहतो, जेवत नाही, पिऊन येतो. त्याला तुम्ही मेंदूतली रसायनं सांगणार? उद्या सरकार म्हणेल, शेतकऱ्याच्या जनुकातच खोट होती, कर्जाचा काय संबंध. मला ही सगळी जीवशास्त्राची भाषाच जबाबदारी झटकणारी वाटते. माझा सख्खा दोस्त गेलाय, म्हणून तोडून बोलतोय. राग मानू नका.

किल्लारीची लेक

कोरडवाहू दादा, राग कशाचा. मी भूकंपातून वाचलेल्या घरातली आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे जे झालं ते आमच्या अख्ख्या गल्लीनं सोसलं. पण पुढं सगळ्यांचं सारखं झालं नाही. माझी आई रडली, पण उभी राहिली. शेजारच्या काकू मात्र बरीच वर्षं घराच्या छताखाली झोपू शकल्या नाहीत, ट्रक गेला तरी उठून पळायच्या. संकट एकच होतं. मग हा फरक कुठून आला, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. डॉक्टरांनी त्यावर लिहावं.

मांजरातीर (अंबाजोगाई)

कोरडवाहू, तुमच्या दोस्ताचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही, कारण ते बरोबर आहे आणि शास्त्राच्या विरोधातही नाही.

कर्जाची चिंता हवेत राहत नाही, ती शरीरात उतरते. धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना संदेश देतो आणि कॉर्टिसॉल हे द्रव्य रक्तात वाढतं. तासाभरासाठी वाढलं तर उपयोगाचं असतं. महिनोन्‌महिने वाढलेलं राहिलं की झोप मोडते, भूक जाते, आणि आठवणी व भीती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांवर ताण येतो. म्हणजे दुष्काळ हाच इथं जैविक घटक झाला. कॅनडात मायकेल मीनी यांनी उंदरांवर दाखवलं की ज्या पिलांना आईनं जास्त चाटलं, जवळ घेतलं, त्यांच्यात तणाव आवरणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक खुणाच वेगळ्या झाल्या, आणि ती पिलं मोठेपणीही शांत राहिली. जनुक तेच, पण वाढवणुकीनं त्याचं काम बदललं. त्यामुळे "जीवशास्त्र की परिस्थिती" असा निवाडा मागणाऱ्याला मी तरी उत्तर देत नाही. परिस्थिती सुधारणं हाही उपचारच आहे.

याचा पुरावा व्यसनातही आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स यांनी ते परतल्यावर पाठपुरावा केला. घरी आल्यावर बहुतेकांचं सुटलं. थोड्यांचं नाही सुटलं.

किल्लारीच्या ताईंसाठी. २००२ मधला एक अभ्यास आहे. एकसारखे जुळे भाऊ, एक युद्धावर गेलेला, दुसरा घरीच. युद्धावरून आघाताचा आजार घेऊन आलेल्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लहान दिसायचा, म्हणून समज होता की आघातामुळेच तो आकसला. पण तपासलं तर घरी राहिलेल्या भावाचाही तो भाग तेवढाच लहान निघाला. म्हणजे काहींची घडण आधीपासून आघात सोसायला नाजूक असते. तुमच्या शेजारच्या काकू कमकुवत मनाच्या नव्हत्या, हे मला ठामपणे म्हणायचं आहे.

आणि कोरडवाहू, सरकारकडं मागायचंच असेल तर आणखी एक मागा. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ती वेळ बहुतेकदा ओसरणारी असते. त्या तासाला हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. घरात कुणी खचलेलं असेल तर फवारणीची औषधं शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा.

कोरडवाहू (जिंतूर)

हे पटलं. कुलपाचं आजच करतो.

धारूरची

मी कधी लिहीत नाही, भाचीकडून टाइप करून घ्यायलेय. आमी कोयत्यावर, ऊस तोडायला जातो. दसरा झाला की टोळी निघती, पाडव्याच्या आसपास माघारी. मालकाला लिथियमच्या गोळ्या चालू हायेत, बायपोलर म्हणून. गोळ्यांनी लई फरक पडला, हे आधी सांगते.

पण दोन गोष्टी आमाला कुणी नीट सांगितल्या नव्हत्या. एक, रात्रीची गाडी भरायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या रातीपासून त्यांचं बोलणं वाढायचं. झोपच नको म्हणायचे. मुकादमाशी भांडण, उचल मागून उधळणं. आमी म्हणायचो, माणूस तापट हाय. आता कळायलंय की जागरणानंच ते चढायचं.

दुसरं, उन्हाळ्याच्या तोंडाला फडात घाम असा की सदरा पिळावा. पाणी कमी पडायचं. कंबर दुखती म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायचे. मग हात थरथरायला लागले, पाय लटपटायले, उलट्या, बोबडी वळायली. एका दवाखान्यात दारू प्यालाय म्हणून परत पाठवलं. वासबी येत नव्हता, तरी. शेवटी दुसऱ्या डॉक्टरनं रक्तातलं लिथियम तपासलं तर ते वर गेलेलं. सलाईन लावलं, दोन-चार दिवसांत माणूस जागेवर आला. आमच्यासारख्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सांगितलं.

औषधवाला (परळी)

धारूरच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी औषध दुकानात बसतो, तुमच्या अनुभवामागचं कारण सांगतो.

मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. घामानं मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड मीठ राखून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही आत राहतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० हवी असते, १.५ च्या वर गेली की विषबाधेची लक्षणं सुरू होऊ शकतात. फरक किती थोडा आहे बघा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या ही पातळी आणखी वाढवतात. दुखलं तर पॅरासिटामॉल विचारा. जुलाब, उलट्या, ताप असला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उन्हाळ्यात पाणी भरपूर, आणि जेवणातलं मीठ मनानं कमी करू नका. आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, त्यामुळं मार्चमध्येच एकदा पातळी तपासून घ्यावी असं मी ओळखीच्या लोकांना सांगतो.

ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची गोळी बऱ्याच रुग्णांना थरथर कमी करायला दिलेली असते. तिनं घाम कमी येतो, म्हणून उन्हात शरीर तापतं. अशा माणसाला दुपारचं काम टाळू द्या.

झोपेबद्दलही ताईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. शरीरात दिवस-रात्र चालवणारी जनुकं असतात. त्यांच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. बायपोलरमध्ये हे घड्याळच हळवं असतं, आणि जागरणानं उन्माद सुरू होणं डॉक्टरांना नेहमी दिसतं. मुकादमाला सांगून रात्रीची भरणी टाळता आली तर तो औषधाइतकाच उपचार आहे. मुकादम ऐकेल का, ते तुम्हीच जास्त जाणता.

सुटलेला (नांदेड)

मी दारू सोडून बरीच वर्षं झाली. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण दोन्हींत माणसं मरतात.

पहिली. रोज पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम तोडू नये, खोलीत कोंडून तर अजिबात नाही. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं: दारू मेंदूची शांत करणारी गाबा यंत्रणा वाढवते आणि चेतवणारी ग्लुटामेटची यंत्रणा दाबते. रोजच्या दारूला मेंदू उलट जोर लावून जुळवून घेतो. दारू अचानक गेली की तो उलटा जोर एकटाच उरतो. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, अंग तापतं, माणूस घरच्यांना ओळखत नाही. लोकांना वाटतं दारूच्या देवानं धरलं, किंवा "सोडली म्हणून वेडा झाला". हा आणीबाणीचा आजार आहे, दवाखान्यातच न्यायचा. तिथं बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यायला आवर्जून सांगा. दारूड्याच्या अंगात ते संपलेलं असतं आणि नुसतं ग्लुकोज दिल्यानं मेंदूला इजा होऊ शकते.

दुसरी. "न सांगता दारू सोडवा" म्हणून भिंतीवर जाहिराती असतात, भाजीत मिसळायची पावडर. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, माणसाला सांगून दिलं तर चांगलं औषध आहे, मीही घेतलंय. पण ते अंगात असताना दारू प्यालं की दारूपासून बनणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला माहीतच नसेल तर तो पिणारच. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो.

मांजरातीर (अंबाजोगाई)

सुटलेला यांच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द खरा आहे. त्यात एकच भर. चीन, जपान, कोरियाकडच्या बऱ्याच लोकांच्या जनुकात असा बदल असतो की हे अ‍ॅसिटाल्डिहाइड त्यांच्या अंगात आपोआप साचतं. घोटभर प्याले की तोंड लाल होतं, त्यामुळे त्यांच्यात दारूचं व्यसन कमी लागतं. डायसल्फिराम जे करतं, तेच तिथं जन्मापासून होतं.

याच्या उलटही असतं. आपल्याकडं पोरं फुशारकी मारतात, "मला चढतच नाही." सॅन दिएगोच्या मार्क शुकिट यांनी दारूड्यांच्या मुलग्यांना आणि इतरांना सारखीच दारू देऊन तपासलं. दारूड्यांच्या मुलग्यांना ती कमी चढली, आणि ज्यांना कमी चढली त्यांच्यापैकीच पुढे जास्त जण व्यसनात गेले. शरीर थांब म्हणून सांगत नाही, म्हणून माणूस पीतच राहतो. गोदाकाठचा, तुमच्या आजोबांचा इतिहास बघता भावाला ही गोष्ट जरूर सांगा.

धर्माबादचा

आमच्या बाजूला दारूपेक्षा शिंदीचा प्रश्न मोठा आहे. हद्दीपलीकडं तेलंगणात शिंदी स्वस्त, माणसं रोज जाऊन पितात. झाडाची ताजी शिंदी वेगळी आणि दुकानातली वेगळी. त्यात क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळल्याची प्रकरणं तिकडं किती वेळा उघडकीस आली. म्हणजे माणूस शिंदी पितोय असं आपण समजतो, आणि तो खरं तर झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेला असतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकानं बंद झाली तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या मानसिक रुग्णालयात असे कितीतरी रुग्ण आले होते: फिट्स, भ्रम, अंगाला कंप. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांनी डॉक्टरांना "नुसती शिंदी पितो" एवढंच सांगू नये. कुठली, किती दिवसांपासून, बंद करून किती वेळ झाला, हे सगळं सांगावं.

फळा-खडू (लातूर)

मी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतो. गोदाकाठच्या धाकट्या भावासारखी शेकडो पोरं समोर बसतात. रात्री दोनपर्यंत अभ्यास, जाग राहावी म्हणून तंबाखू, मग परत पहाटे उठणं. पालकांना मी एकच आकडा सांगत असतो: आयुष्यभरातल्या मनाच्या आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊण चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं २००५ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास सांगतो. विचार आवरून धरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पुरा घडतो. याच वयात आपण लेकरू गावापासून तोडून एका खोलीत ठेवतो. ते खोलीबाहेर पडेनासं झालं, आंघोळ सोडली, मार्क एकदम पडले, "माझ्याबद्दल बोलतात" म्हणायला लागलं, तर त्याला आळशी ठरवू नका.

तंबाखूचंही सांगतो. पोरांना वाटतं चुन्यानं नुसती चव येते. चुना अल्कधर्मी असतो. त्यानं तंबाखूतलं निकोटिन मोकळ्या रूपात येतं आणि गालातून झपाट्यानं रक्तात उतरतं. मेंदूत डोपामिन या रसायनाची लाट जेवढी वेगानं येते, तेवढी सवय घट्ट बसते. मळून खाल्लेली तंबाखू ही सौम्य सवय नाही.

गोदाकाठचा (गंगाखेड)

सगळ्यांचे आभार. धारूरच्या ताईंचे विशेष. भावाशी बोललो. शुकिटवाली गोष्ट त्यानं कान देऊन ऐकली, गांजावर गप्प बसला. या शनिवारी लातूरला जाऊन राहणार आहे.

आता दोन शंका. काका बिडी सोडायची म्हणतात, त्यांना आजारासाठी ओलान्झापिन हे औषध चालू आहे. आणि आत्याला दुसऱ्या बाळंतपणानंतर भास व्हायचे, बाहेरचं म्हणून तेव्हा धागेदोरे केले होते. आता आत्याचीच मुलगी पहिलटकरीण आहे, सातवा सरलाय. तिला काही बोलावं, की उगाच घाबरवणं होईल?

मांजरातीर (अंबाजोगाई)

बिडी सोडू द्या, चांगलंच आहे, पण डॉक्टरांना आधी कळवा. धुरातल्या रसायनांमुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधं लवकर संपवतं. बिडी बंद झाली की तोच डोस अंगात जास्त राहतो, गुंगी वाढते. डोस कमी करावा लागेल कदाचित. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे बिडीऐवजी तंबाखू खाल्ली तरी औषधाची पातळी वाढणारच.

आणि काकांचं बी-१२ आणि थायरॉइड कधी तपासलं नसेल तर तपासून घ्या. या दोन्हींच्या कमतरतेनं उदासी येते, कधी भ्रमही होतो, आणि ते गोळ्या-इंजेक्शनानं सुधारतं. नव्या रुग्णाच्या बाबतीत आम्ही हे आधी बघतो.

सिस्टरताई (हिंगोली)

आत्याच्या मुलीचं मी सांगते, प्रसूती वॉर्डात काम करते. घाबरवणं मुळीच होणार नाही, सांगाच. बाळंतपणानंतरचा तीव्र भ्रमाचा आजार हजारात एक-दोघींना होतो. आईला किंवा बहिणीला झालेला असेल तर शक्यता वाढते, तरी बहुतेकींना होत नाही. प्रसूतीनंतर संप्रेरकं एकदम खाली येतात, त्यात जागरण. सुरुवात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते.

तुम्ही एवढं करा. तिच्या तपासणीच्या कार्डावर आईचा इतिहास लिहून घ्यायला सांगा. प्रसूतीआधीच मानसोपचार तज्ज्ञांना एकदा दाखवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, गंगाखेडकरांना परभणी जवळ. तिला स्वतःला पूर्वी कधी उन्माद झाला होता का, तेही सांगा, कारण त्यानं धोका बराच वाढतो.

बाळंतपणानंतर रात्रीचं एखादं पाजणं आत्यानं किंवा घरातल्या बाईनं काढलेल्या दुधावर निभवावं, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल. ती झोपायलाच तयार नसेल, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, कुणाचा आवाज येतो म्हणाली, तर त्याच दिवशी न्यायचं. उद्यावर टाकायचं नाही, आणि बाळाजवळ तिला एकटं सोडायचं नाही. औषधानं या बायका फार छान बऱ्या होतात, मी बघितल्यात. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. धागेदोरे करायचेच असतील तर ते दवाखान्यातून आल्यावर.

गोदाकाठचा (गंगाखेड)

सिस्टरताई, आत्याला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर. बुधवारी दोघींना घेऊन परभणीला जातोय. कार्ड सोबत घेऊच, आत्याचे जुने कागद लागतील का?

सिस्टरताई (हिंगोली)

असतील तर आणा. नसतील तर आत्यालाच सोबत आत घेऊन जा, ती सांगेल तेवढं पुरे.